प्रकरणाला नांव काय द्यावें?

कायद्याचें पुस्तक करमणुकीसाठीं कोणी उघडीत नाहीं. कादंबरी आपण पहिल्या पानापासून वाचतों, पंचांग रोज चाळतों, पाककृतींचें पुस्तक सणावारीं काढतों; कायद्याचें पुस्तक मात्र घरावर कांहीं प्रसंग आला म्हणजेच हातीं घेतलें जातें. भाडेकरू जागा सोडीत नाहीं, वडील मृत्युपत्र न करतां गेले, बांधावरून शेजाऱ्याशीं बाचाबाची झाली, मुलीच्या सासरहून वाईट निरोप आला; अशा वेळीं मन थाऱ्यावर नसतें आणि हातांत वेळहि थोडा असतो. त्या माणसाची पहिली गांठ पडते ती अनुक्रमणिकेशीं. तेथें आपल्या अडचणीचें नांव त्याला सांपडलें तर पुस्तक त्याचें झालें. न सांपडलें तर आंत कितीहि विद्वत्ता भरलेली असो, त्याच्यापुरती ती नसल्यासारखीच.

श्रोतेहो, असे संदर्भग्रंथ आतां कागदाइतकेच इंटरनेटवरहि निघूं लागले आहेत. ते करणारे वकील, प्राध्यापक आणि कार्यकर्ते पुष्कळ श्रम घेतात. परंतु ग्रंथाचीं प्रकरणें कशीं पाडावींत आणि त्यांस नांवें कोणतीं द्यावींत, हा विचार बहुधा शेवटच्या दिवशीं, घाईघाईनें होतो. हें काम छापखान्यांतील जुळाऱ्याचें आहे, असें कोणास वाटेल. तें तसें नाहीं, हें दाखविण्यासाठीं मी आपणांस प्रथम नंदुरबार जिल्ह्यांत नेतों.

सातपुड्याच्या पायथ्याचा आणि माथ्याचा हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. जुन्या पिढीला हा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ठाऊक होता. नंदुरबार, नवापूर, शहादें, तळोदें, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें येथील दर शंभर माणसांत सुमारें एकूणसत्तर अनुसूचित जमातींचीं आहेत. शहादें-तळोद्याकडील काळ्या सपाट जमिनी कर्ज, गहाण आणि अंगठा उठविलेले कागद या वाटांनीं आदिवासींच्या हातून जात राहिल्या. १९७१-७२ सालीं अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांनीं शहाद्यास जी चळवळ उभारली, तिनें हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढें आणला.

१९७४ मध्यें राज्यांत दोन कायदेशीर उपाय योजण्यांत आले. एक, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यांत ३६-अ हें नवें कलम घालण्यांत आलें. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा पट्टा अशा कोणत्याहि रीतीनें बिगर-आदिवासीकडे जावयाची झाल्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी अवश्य ठरली. आणि पांच वर्षांच्या आंतील पट्टा किंवा गहाण सोडल्यास, जिल्हाधिकाऱ्यालाहि राज्य सरकारची संमति आधीं घ्यावी लागते. दुसरा उपाय निराळ्या अधिनियमाचा. अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा हा अधिनियम १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत झालेल्या हस्तांतरांपुरता आहे. त्याच्या नांवांत १९७४ साल आहे, पण क्रमांक मात्र १९७५ चा चौदावा. ग्रंथसूचि करणाऱ्यांची परीक्षा पाहण्यासाठींच जणू! १९८४ सालीं लिंगप्पा पोचन्ना यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा अधिनियम घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला.

आतां अशी कल्पना करूं कीं, तळोदें तालुक्यांतील एक मुलगी पुण्यास शिकत आहे. आजोबांचें शेत एका बिगर-आदिवासी गृहस्थाच्या नांवें लागलें आहे, एवढें ती लहानपणापासून ऐकत आली. केव्हां लागलें, याविषयीं घरांत एकमत नाहीं; कोणी १९७३ म्हणतो, कोणी १९७५. ती इंटरनेटवरील एखादा कायदेविषयक ग्रंथ उघडते. तेथें अधिनियमांची यादी अकारविल्हे लावलेली आहे. तिनें प्रथम महसूल संहिता हुडकावी. संहितेच्या तिसऱ्या प्रकरणांत शिरावें, ज्याच्या नांवाचा अर्थ केवळ ‘जमिनी’ एवढाच. तेथें ३६ आणि ३७ यांच्या मध्यें ३६-अ शोधावें. जमीन परत करण्याचा अधिनियम त्या यादींत दुसऱ्याच ठिकाणीं आहे. आणि व्यवहार १९७३ चा कीं १९७५ चा, हें ज्या फेरफाराच्या नोंदवहीवरून ठरावयाचें, ती संहितेच्या दहाव्या, भूमि-अभिलेखांच्या प्रकरणांत. तीन दरवाजे, आणि तिच्या प्रश्नाची पाटी एकावरहि नाहीं. कोणता कायदा लागू होतो हें ज्याला आधींच ठाऊक आहे, त्यालाच त्या कायद्याची माहिती मिळावी, अशी ही व्यवस्था झाली.

माझ्या मतें येथें प्रकरण एकच हवें आणि त्याचें नांव असावें, ‘आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असल्यास’. त्याच्या पोटांत पहिला मथळा, ‘जमीन कोणत्या तारखेस गेली, तें कसें पाहावें’. कारण बाकीचें सारें त्या तारखेवर अवलंबून. त्यानंतर ‘१ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४’ आणि शेवटीं ‘६ जुलै १९७४ नंतर’. १९५७ पूर्वींचा व्यवहार परतीच्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे, हेंहि तेथेंच स्पष्ट सांगावें. तें वाचून वाईट वाटेल. पण दहा कचेऱ्या हिंडून तें कळण्यापेक्षां पहिल्या पानावर कळलेलें बरें.

हें वाचून कोणी कायद्याचा मसुदा करणाऱ्यांस नांवें ठेवूं नयेत. त्यांची मांडणी त्यांच्या कामास योग्यच आहे. आरंभीं व्याख्या, मग अधिकारी, मग हक्क आणि दायित्वें, मग कार्यपद्धति, अपील, आणि उरलेलें सर्व ‘संकीर्ण’ या गांठोड्यांत. या क्रमानें कायद्याचे भाग एकमेकांस विरोध न करतां बसतात आणि न्यायाधीशास एका कलमाचा अर्थ दुसऱ्यावरून लावतां येतो. केंद्र सरकारचें इंडिया कोड हें संकेतस्थळ अधिनियम जसेच्या तसे देतें. तेंच त्याचें काम. परंतु संदर्भग्रंथाचा कर्ता जेव्हां तोच क्रम उचलून आपल्या प्रकरणांवर तींच नांवें चिकटवितो, तेव्हां तो नकाशा काढण्याऐवजीं गांवाचा दुसरा गांव बांधीत असतो. कायद्यांतील मथळ्याचें वजनहि मर्यादित असतें. कलमाचे शब्द स्पष्ट असतील तेथें मथळा त्यांस वांकवूं शकत नाहीं, असाच न्यायालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे मूळ मथळे तसेच ठेवण्याचें बंधन संदर्भग्रंथाच्या कर्त्यावर नाहीं. तो मोकळा आहे.

या मोकळिकीचा उपयोग आपल्या पूर्वसूरींनीं चांगला केला होता. मनुस्मृतींत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांचीं नांवें पाहा: ऋणादान, निक्षेप, अस्वामिविक्रय, वेतनादान, स्वामिपालविवाद, सीमाविवाद. कर्ज परत मिळत नाहीं, ठेव बुडाली, धनी नसतांना दुसऱ्यानेंच वस्तु विकली, चाकरी करून पगार मिळाला नाहीं, गुरांचा मालक आणि गुराखी यांचें भांडण, शेताच्या हद्दीचें भांडण. न्यायसभेंत मनुष्य जें गाऱ्हाणें घेऊन येतो, तेंच येथें प्रकरणाचें नांव आहे. आपल्या महसूल संहितेंत हद्दींचें प्रकरण आहे, तें सीमा आणि सीमाचिन्हें यांचें, म्हणजे दगडाचें. जुन्या ग्रंथांत तें ‘सीमाविवाद’, म्हणजे दोन शेजाऱ्यांचें. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेंतहि हीच रीत दिसते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेनें लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालीं १९३७ पासून जो धर्मकोश प्रसिद्ध करावयास आरंभ केला, त्याच्या व्यवहारकांडांत शेंकडों ग्रंथांतील वचनें ग्रंथवार न देतां विषयवार लावलीं आहेत आणि एका विषयाखालीं तीं कालक्रमानें येतात. संदर्भग्रंथाच्या रचनेचा याहून मोठा वस्तुपाठ मराठी मुलखांत मला तरी ठाऊक नाहीं.

तथापि जुनें तें सारें उचलावें, असें मात्र मी म्हणणार नाहीं. त्याच अठरा पदांत ‘साहस’ हें एक आहे. तेथें त्याचा अर्थ बळजबरीनें केलेला गुन्हा, दांडगाई. आज आपण मुलांस साहसकथा वाचावयास देतों! प्रकरणाचें नांव म्हणजे कांहीं शिलालेख नव्हे. भाषेबरोबर त्याचा अर्थ सरकतो, आणि दर पिढीस तें पुन्हां तपासून घ्यावें लागतें.

मग भाषेच्या भानगडींत न पडतां सरळ कलमाचा आंकडाच नांव म्हणून द्यावा, असें कांहीं ग्रंथकार करतात. आंकडा निःसंदिग्ध असतो, हें खरें. पण तो चिरंजीव नसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेंत ५११ कलमें होतीं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्यांत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचें ३०२ तें १०३ झालें, फसवणुकीचें ४२० तें ३१८ च्या पोटांत गेलें, विवाहितेच्या छळाचें ४९८-अ तें ८५ झालें. ज्या ग्रंथांत ‘कलम ४९८-अ’ एवढेंच प्रकरणाचें नांव होतें, तो त्या एका रात्रींत जुना झाला. ज्यानें ‘सासरीं छळ होत असल्यास’ असें नांव दिलें होतें, त्याला आंतील आंकडे तेवढे बदलावे लागले. ‘चारशेंवीस’ हा शब्द मात्र बोलण्यांत राहिला आहे आणि राहील.

या बदलांत आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जुन्या दंड संहितेंत बलात्कार आणि हुंडाबळी हीं शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांच्या सोळाव्या प्रकरणांत होतीं, द्विभार्येचा गुन्हा विसाव्यांत, आणि पतीकडून होणाऱ्या छळासाठीं वीस-अ असें प्रकरण मागाहून जोडलेलें होतें. नव्या संहितेनें हीं सर्व गोळा करून पांचव्या प्रकरणांत स्त्री आणि बालक यांच्याविरुद्धचे गुन्हे म्हणून एकत्र ठेवलीं. म्हणजे येथें तरी कायदा करणाऱ्यांनींच, गुन्ह्याच्या जातीऐवजीं ज्याच्यावर तो घडतो त्या माणसाचें नांव प्रकरणास दिलें.

आंकड्यांना मी सरसकट विरोध करतों, असें मात्र समजूं नये. गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा या दोन सरकारी तक्त्यांचा लोकांनीं ‘सातबारा’ केला. हा शब्द आतां महाराष्ट्रांतील प्रत्येक शेतकऱ्याच्या ओठांवर आहे. त्याच्याऐवजीं ‘अधिकार अभिलेख’ असें नांव दिल्यास पाटलालाहि प्रश्न पडेल. लोकांनीं आपलासा केलेला आंकडा नांवांत यावा, आणि कायद्याचा शब्द पहिल्या वाक्यांत.

पण लोकांचा शब्द घेतांना एक सावधगिरी पाहिजे. पुन्हां सातपुड्यांत जाऊं. वनहक्क अधिनियम, २००६ याखालीं वनजमिनीवर जो हक्क मान्य होतो, त्याच्या कागदाला अक्राणी-अक्कलकुव्याकडे सर्रास ‘पट्टा’ म्हणतात. कायद्याच्या भाषेंत पट्टा म्हणजे भाडेपट्टा. मुदत संपली कीं जमीन परत. वनहक्क तसा नाहीं. तो वारसाहक्कानें चालतो, मात्र विकतां किंवा दुसऱ्यास देतां येत नाहीं. आणि कुटुंब विवाहित असेल तर तो पति-पत्नी दोघांच्या नांवें नोंदला जातो. नुसतें ‘पट्टा’ असें नांव दिल्यास पतीच्या मृत्यूनंतर घाबरलेल्या बाईची समजूत होईल कीं, तें पान आपल्यासाठीं नाहीं. म्हणून प्रकरणाचें नांव ‘वनहक्क (पट्टा)’ असें द्यावें, आणि त्याच्या खालोखाल ‘पतीच्या मृत्यूनंतर पत्नीचा वनहक्क’ हा मथळा स्वतंत्र असावा. कायद्याच्या एका पोटकलमांतील एका वाक्यासाठीं स्वतंत्र मथळा खर्चण्यास मी मुळींच कचरणार नाहीं.

याच अधिनियमावरून दुसरीहि एक गोष्ट स्पष्ट होते. त्याचीं प्रकरणें सहा. पहिलें प्रारंभिक, दुसरें हक्कांचें, तिसरें त्या हक्कांच्या मान्यतेचें, चौथें प्राधिकारी आणि कार्यपद्धति यांचें, पांचवें शिक्षांचें, सहावें संकीर्ण. आतां ग्रामसभेनें केलेला ठराव आपल्या विरुद्ध गेला तर काय करावें? साठ दिवसांच्या आंत उपविभागीय समितीकडे अर्ज करावा. तिच्या निर्णयाविरुद्ध आणखी साठ दिवसांच्या आंत जिल्हा समितीकडे, आणि जिल्हा समितीचा निर्णय अंतिम. हें सारें चौथ्या प्रकरणाच्या सहाव्या कलमांत आहे. ‘अपील’ असा शब्द शोधणाऱ्यास तेथें ‘विनंतिअर्ज’ या अर्थाचा शब्द भेटतो. समित्यांचा नकार दावेदारास व्यक्तिशः कळविला पाहिजे आणि समितीच्या मर्जीनुसार तीस दिवस वाढवून मिळूं शकतात, ही तरतूद तर अधिनियमांत नाहींच. ती २०१२ सालीं नियमांत घालण्यांत आली. साठ दिवस म्हणजे दोन महिने. डोंगरांतून तालुक्याच्या गांवीं दोन-तीन खेपा, कागदांच्या नकला, मध्यें पावसाळा, संपतात. येथें प्रकरणाचें नांव ‘कार्यपद्धति’ ठेवणें म्हणजे विहिरीवर पाटी न लावणें होय. ‘वनहक्काचा दावा फेटाळला असल्यास: साठ दिवसांची मुदत’ असें लिहावें. जेथें जेथें मुदत आहे, तेथें ती नांवांतच यावी.

छापील ग्रंथ आणि इंटरनेटवरील ग्रंथ यांत एक भेद आहे, तो येथें सांगितला पाहिजे. छापील पुस्तकांत वाचक निदान मुखपृष्ठावरून आंत येतो. इंटरनेटवर तो शोधयंत्रांत चार शब्द टाकतो आणि एकदम सत्तेचाळिसाव्या पानावर येऊन उतरतो. मागील शेहेचाळीस पानें त्यानें पाहिलेलीं नसतात आणि पाहणारहि नाहीं. ‘मागें सांगितल्याप्रमाणें’ हे शब्द त्याच्यापुरते निरर्थक. ‘अपील’ एवढेंच नांव असलेलें पान म्हणजे शहरांत दारावर ‘घर’ अशी पाटी लावण्यासारखें आहे. महसुली अपील, दिवाणी अपील कीं फौजदारी, हें कळावें कसें? प्रत्येक नांव एकटें उभें राहिलें पाहिजे. पुन्हां, पुष्कळ जण हें सर्व हातांतील लहानशा फोनवर पाहतात आणि तेथें नांवाचे पहिले चारपांच शब्दच दिसतात. आपल्या राज्याच्या बहुतेक अधिनियमांचीं नांवें ‘महाराष्ट्र’ या शब्दानें सुरू होतात. ती यादी फोनवर उघडल्यास वरपासून खालपर्यंत महाराष्ट्र, महाराष्ट्र, महाराष्ट्र! अभिमान म्हणून ठीक आहे. पण शोधण्याच्या कामाचें नाहीं. ज्या शब्दानें एक पान दुसऱ्याहून वेगळें पडतें, तो शब्द पहिला आला पाहिजे.

माझे कांहीं वकील मित्र या सर्वावर एक आक्षेप घेतात आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, प्रश्नांवरून प्रकरणें पाडलीं तर एकच कलम पांच ठिकाणीं लिहावें लागेल, आणि दुरुस्ती झाली म्हणजे चार ठिकाणीं होऊन पांचव्या ठिकाणीं राहील. वर सांगितलेल्या जमिनींच्या कायद्यांतील अर्जाच्या मुदतींतहि मागाहून दुरुस्त्या झालेल्या आहेत. एका पानावर जुनी मुदत राहिली तर कोणाचें तरी शेत जाईल. आक्षेप खरा, पण इलाजहि सोपा आहे. कलमाचा मजकूर, दुरुस्तीच्या तारखेसह, एकाच ठिकाणीं, आंकड्यांच्या क्रमानें ठेवावा. प्रश्नांच्या प्रकरणांनीं त्या ठिकाणाकडे बोट दाखवावें. इंटरनेटवर हें बोट दाखविणें कागदापेक्षां कितीतरी सुलभ आहे. वकिलानें आंकड्यांच्या दारानें आंत यावें, गृहस्थानें प्रश्नाच्या. आंतील दिवाणखाना एकच.

नांवानें आश्वासनहि देऊं नये, आणि भयहि घालूं नये. ‘गेलेली जमीन परत मिळवा’ असें नांव मला पसंत नाहीं. ती मिळेलच असें लेखकानें कशाच्या जोरावर सांगावें? ‘असल्यास’ हा आपल्या भाषेंतील शब्द अशा वेळीं मोठा उपयोगी आहे. तो वाचकाची स्थिति सांगतो आणि निकाल राखून ठेवतो.

राहतां राहिला जुन्या पानांचा प्रश्न. कायदा रद्द झाला म्हणजे त्याचें प्रकरण पुसून टाकावें, असा मोह ग्रंथकारास होतो, कारण ग्रंथ स्वच्छ दिसतो. परंतु ३० जून २०२४ किंवा त्यापूर्वीं घडलेल्या गुन्ह्यांस जुनी दंड संहिताच लागू आहे आणि ते खटले अजून वर्षानुवर्षें चालतील. नव्या संहितेच्या ३५८ व्या कलमानें तसें राखूनच ठेवलें आहे. म्हणून ४२० चें पान तेथेंच राहूं द्यावें, त्याचा पत्ता बदलूं नये, आणि त्याच्या नांवापुढें तेवढें लिहावें, ‘१ जुलै २०२४ पूर्वीं घडलेल्या फसवणुकीसाठीं’.